आधार-पॅनच्या झेरॉक्स कुठे कुठे गेल्या आठवत नाही. आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील निवृत्त आहेत. गेल्या काही वर्षांत सिमकार्ड, गॅस, भाडेकरार, सोसायटी, गावाकडच्या जमिनीची नोंदणी अशा कामांसाठी त्यांच्या आधार आणि पॅनच्या प्रती ठिकठिकाणी दिल्या गेल्या. आता क्रेडिट रिपोर्टमध्ये त्यांच्या नावावर एका ॲपवरून घेतलेलं ४,२०० रुपयांचं थकीत कर्ज दिसतंय. त्यांनी असं कर्ज घेतलेलं नाही, पण वसुलीवाले रोज फोन करतात. हे पैसे भरून विषय संपवावा का, आधार-पॅनचे नंबर बदलून मिळतात का, आणि पुढे असं होऊ नये म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी कर सल्लागार आहे. पॅनच्या गैरवापरातून आलेल्या नोटिसा आणि असली अनोळखी कर्जं घेऊन येणारी माणसं हे माझ्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, पैसे भरू नका. वसुलीवाले हाच मार्ग सोपा करून दाखवतात. ‘काका, चार हजारांचा तर प्रश्न आहे, भरून टाका, रिपोर्ट साफ होईल.’ तो साफ होत नाही. पैसे भरले की ते खातं वडिलांचंच होतं आणि त्यांनी ते उशिरा फेडलं, अशी नोंद राहते. मग ‘हे कर्ज माझं नाही’ ही तुमची मूळ बाजूच कमकुवत होते. रक्कम जितकी लहान तितका हा मोह मोठा. म्हातारी माणसं तर अब्रूच्या भीतीने लगेच भरून मोकळी होतात. वडिलांना नीट समजावून सांगा की त्यांनी काही चुकीचं केलेलं नाही आणि या फोनला घाबरण्याचं कारण नाही. वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकावू नये, नातेवाइकांना त्रास देऊ नये असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट बजावलेलं आहे. आलेल्या फोनची तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेवा.

मग ईमेल लिहायचा. तो ॲपला लिहून उपयोग नाही. ॲपच्या मागे एखादी बँक किंवा बिगर-बँक वित्तीय कंपनी असते. तिचं नाव क्रेडिट रिपोर्टमध्ये असतं आणि तिच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो. त्यांना लिहा की हे कर्ज माझं नाही, आणि चार गोष्टी मागा: कर्जाच्या कराराची प्रत, केवायसीसाठी घेतलेली कागदपत्रं आणि फोटो, अर्जात दिलेला मोबाईल नंबर, आणि कर्जाची रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली त्याचा तपशील. यातली चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम घालून दिले. काही ठरावीक अपवाद सोडले तर रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे, मधल्या कुणाच्या खात्यातून नाही, हा त्यातला एक. म्हणजे कंपनीला खातं दाखवावंच लागेल. ते खातं वडिलांचं नसेल तर बहुतेक वाद तिथेच मिटतो. माझ्याकडे येणारे लोक भावनेच्या भरात दोन पानी पत्र लिहितात आणि नेमकं हे खातं विचारायचं विसरतात. पत्र छोटं असू द्या, पण हा मुद्दा सोडू नका.

त्याच दिवशी क्रेडिट रिपोर्टवर हरकत नोंदवा. आपल्याकडे हा रिपोर्ट तयार करणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. लोक सिबिल बघतात आणि थांबतात. कर्ज देणाऱ्याने माहिती चारही ठिकाणी पाठवलेली असू शकते, शिवाय एका रिपोर्टमध्ये न दिसलेलं दुसरं कर्ज दुसऱ्यात सापडतं. प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळण्याचा हक्क आहे, म्हणून चारही काढा. रिपोर्ट वाचताना थकीत खात्याच्या खाली जी ‘चौकशां’ची यादी असते तीही बघा. कुणी कुणी तुमच्या नावावर कर्ज देण्यासाठी रिपोर्ट मागवला ते तिथे दिसतं. न झालेल्या कर्जांचे प्रयत्नही तिथेच कळतात. हरकत ३० दिवसांत निकाली निघायला हवी. त्यानंतर उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आदेशानुसार कुणी तुमचा रिपोर्ट मागवला की तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल यायला हवा. पण तो कंपनीकडे नोंदलेल्या नंबरवर जातो, त्यामुळे हरकत नोंदवताना तिथला नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना हेही तपासून घ्या.

पोलीस तक्रार टाळू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करायचा असतो. तुमच्या बाबतीत वडिलांचे पैसे गेलेले नाहीत, त्यामुळे १९३० ची घाई नाही, पण पोर्टलवरची तक्रार हवी. दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क खाली गुन्हा आहे, इंग्रजीत ज्याला ‘सिक्स्टी-सिक्स सी’ म्हणतात तो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी शिक्षा आहे. ठाण्यात ‘ही हद्द आमची नाही’ असं ऐकायला मिळालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात, हद्द न बघता, देता येते. तक्रारीची पोच कर्ज कंपनीला आणि क्रेडिट कंपन्यांना पाठवली की त्यांचा सूर बदलतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आता नंबर बदलण्याचं. नाही, मिळत नाही. आधार क्रमांक आयुष्यभराचा असतो. आणि जुना पॅन खराब झाला म्हणून दुसरा काढायला जाल तर स्वतःच अडचणीत याल, कारण एकापेक्षा जास्त पॅन बाळगण्याला १०,००० रुपये दंड आहे. गैरवापर झाला म्हणून नवा पॅन काढून देतो असं सांगणारे एजंट भेटतात, त्यांच्यापासून दूर राहा.

बदलता येत नाही म्हटल्यावर माणूस घाबरतो, पण इथे एक गोष्ट समजून घेतली तर बराच भार हलका होतो. हे नंबर म्हणजे सरकारी दफ्तरातलं तुमचं नाव आहे, आणि नाव काही तिजोरीत ठेवता येत नाही. कुणी स्वतःच्या नावावर दुकान चालवत असेल तर त्याच्या प्रत्येक बिलावर जीएसटी क्रमांक असतो. त्या १५ अक्षर-अंकांमधले पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढचे दहा म्हणजे त्या माणसाचा पॅन. म्हणजे त्याचा पॅन त्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिशात आहे. घर किंवा जमीन घेतलेल्यांचंही तसंच. जुन्या सूची क्रमांक २, म्हणजे दस्त नोंदणीचे उतारे, काढून बघा, पक्षकारांच्या नावापुढे पत्ता, वय आणि पॅन छापलेला आढळेल. वडिलांनी जमिनीची नोंदणी केली आहे, तर त्यांचा पॅन गुप्त राहिलेला नाही असंच धरून चला.

जुलै २०१८ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा आधार क्रमांक ट्विटरवर जाहीर करून ‘मला काय नुकसान करता ते दाखवा’ असं आव्हान दिलं होतं. काही तासांत लोकांनी त्यांचा मोबाईल नंबर, जन्मतारीख, पत्ता असं बरंच काही शोधून मांडलं, काहींनी त्यांच्या खात्यात एक रुपया पाठवून दाखवला. ही माहिती आधारच्या साठ्यातून गेलेली नाही, ती इंटरनेटवर आधीच होती, असं आधार प्राधिकरणाचं म्हणणं होतं. तरीही लोकांनी आपला क्रमांक असा जाहीर करू नये, असं आवाहन त्याच प्राधिकरणाला करावं लागलं. मला यातून दोन्ही बाजू महत्त्वाच्या वाटतात. नुसत्या नंबराने खात्यातले पैसे निघाले नाहीत. पण इथे-तिथे विखुरलेली माहिती एकाच माणसाची आहे हे पक्कं करायला तो नंबर कामी आला. म्हणून नंबर विनाकारण वाटू नयेच, पण खरी मेहनत दुसरीकडे घ्यायची: त्या नंबरासोबत जे लागतं, म्हणजे ओटीपी आणि अंगठा, ते सांभाळायचं. आणि ज्या ज्या नोंदवहीत गैरवापर उमटतो ती अधूनमधून उघडून बघायची.

ओटीपीपासून सुरू करतो, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं. वडिलांच्या आधारला कोणता मोबाईल नंबर जोडलेला आहे, हे तुम्हाला आत्ता खात्रीने सांगता येईल का? आधार काढलं तेव्हा घरातल्या कुणाचातरी नंबर दिलेला असतो. धाकट्या काकांचा, शेजारच्या मुलाचा, कधी तर नोंदणी करणाऱ्या ऑपरेटरचा. तो नंबर पुढे बंद पडतो. बंद पडलेला नंबर कायमचा बाद होत नाही, ९० दिवसांनंतर कंपनी तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते. मग तुमच्या वडिलांचे ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत राहतात. तो सज्जन असेल तर ठीक. ‘माय आधार’ पोर्टलवर मोबाईल पडताळण्याची सोय आहे, आज रात्रीच बघा. नंबर जुना निघाला तर आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या. बँक, प्राप्तिकर पोर्टल आणि डीमॅट खातं इथेही तोच चालू नंबर आहे ना हे बघा. जुनं सिम बंद करायचं ठरवलंत तर आधी या सगळ्या जागा रिकाम्या करा आणि मगच ते सोडा.

याच्याच उलट बाजू म्हणजे वडिलांच्या नावावर दुसऱ्याच कुणी घेतलेलं सिम. दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ पोर्टल सुरू केलं. तिथे आपला नंबर टाकून ओटीपी दिला की आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत ते दिसतं. जी आपली नाही तिच्यापुढे ‘हा माझा नंबर नाही’ असं नोंदवता येतं. एका व्यक्तीला जास्तीत जास्त नऊ जोडण्या घेता येतात, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत सहा. खोट्या कर्जाच्या अर्जात जो मोबाईल नंबर असतो तो बऱ्याचदा असाच, पीडिताच्याच कागदांवर काढलेला असतो. म्हणून तुमच्या बाबतीत ही तपासणी मी पहिल्या दिवशीच करायला सांगेन. आणि स्वतःच्या फोनची रेंज अचानक तासन्‌तास गेली, शेजारच्याची मात्र आहे, असं झालं तर ते नेटवर्कच्या माथी मारून झोपू नका. तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणीतरी काढलेलं असू शकतं. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा.

अंगठ्याचा प्रश्न जास्त गंभीर आहे, कारण तिथे ओटीपी येतच नाही. गावात बँकमित्राकडे छोट्या यंत्रावर अंगठा लावून पैसे काढतात ती आधार-आधारित पेमेंट यंत्रणा. तिला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच पुरतं. कार्ड नाही, पिन नाही, ओटीपी नाही. सामान्य माणसासाठी ही सोय मोठी आहे आणि ती बंद व्हावी असं मला अजिबात वाटत नाही. पण देशात अनेक ठिकाणी चोरांनी नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून सिलिकॉनसारख्या पदार्थात त्यांच्या प्रतिकृती बनवल्या आणि लोकांच्या खात्यांतून पैसे काढले. खरेदीखतावर अंगठा असतो, त्याच दस्ताला आधारची प्रत जोडलेली असते. लागणाऱ्या तीनपैकी दोन गोष्टी एकाच फाइलमध्ये. आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचा आहे का हे ओळखणारी जास्तीची तपासणी आणली, तरी त्यावर विसंबून राहू नये.

उपाय फुकट आहे आणि दोन मिनिटांचा आहे. ‘माय आधार’ पोर्टलवर किंवा एम-आधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करा. त्यानंतर अंगठा किंवा डोळा लावून कुणालाही त्या आधारची पडताळणी करता येत नाही. मात्र घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर घोटाळा होतो. रेशन दुकानात अंगठा लागतो, नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना लागतो, नवं सिम घेताना लागतो. त्या वेळी तात्पुरतं उघडता येतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर रेशनच्या रांगेत आजीचा अंगठा ‘चालत नाही’ म्हणून तिला परत पाठवतात, आणि मग घरात सगळे म्हणतात की ही लॉकची भानगड नकोच. एका कागदावर मोठ्या अक्षरात पायऱ्या लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा. पोर्टलवरच मागच्या सहा महिन्यांत हे आधार कुठे, कशाने पडताळलं गेलं याचा इतिहासही मिळतो. त्यात अंगठ्याची अशी एखादी नोंद असेल जी वडिलांनी केलेली नाही, तर बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, अशा अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहाराची माहिती तीन कामाच्या दिवसांत दिली तर ग्राहकाची जबाबदारी शून्य धरली जाते. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंतच, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. म्हणून पासबुक भरून घेणं आणि एसएमएस वाचणं ही कामं टाळू नयेत.

आधार क्रमांक बदलत नाही, पण त्याच्या जागी देता येण्याजोगा १६ अंकी आभासी क्रमांक २०१८ पासून उपलब्ध आहे. तो हवा तेव्हा नवा काढता येतो, नवा काढला की जुना रद्द होतो, आणि त्यावरून मूळ क्रमांक काढता येत नाही. ऑनलाइन पडताळणीत तो चालतो. याहून पुढे जायचं तर मूळ आधार क्रमांकच लॉक करून पडताळणी फक्त आभासी क्रमांकाने होईल अशी सोय आहे. वडिलांसाठी मी ती सुचवणार नाही, कारण रोजच्या कामात अडखळायला होतं. तुम्ही स्वतः वापरून बघायला हरकत नाही.

आता झेरॉक्स. ज्या गेल्या त्या गेल्या, त्या परत मागण्यात वेळ घालवू नका. पुढच्या प्रतींचं मात्र ठरवून टाका. आधारची मास्क केलेली प्रत डाउनलोड करता येते, तिच्यात पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. बँकेत चालत नाही असं काउंटरवर सांगतात, तेव्हा हे माहीत असू द्या: रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशातच म्हटलं आहे की जिथे कायद्याने आधार पडताळणी आवश्यक नाही, तिथे ग्राहकाने दिलेल्या प्रतीवरचा आधार क्रमांक काळा केलेला आहे याची खात्री बँकेने करायची आहे. सरकारी अनुदान खात्यात घ्यायचं असेल तेव्हा पूर्ण क्रमांक लागतो, तिथे द्या. हॉटेल, सोसायटीचं गेट, कुरिअर असल्या ठिकाणी आधार देण्यापेक्षा वाहन परवाना दाखवा. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयाने झेरॉक्स कुणाला देऊ नका असं पत्रक काढलं होतं, गैरसमज होईल म्हणून सरकारने दोन दिवसांत मागे घेतलं आणि नेहमीची सावधगिरी बाळगा असं सांगितलं. त्या गोंधळात लोकांनी दोन्ही गोष्टी विसरून टाकल्या.

प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. ‘फक्त अमुक भाडेकरारासाठी’ असं लिहिलेली प्रत कर्जाच्या अर्जाला जोडणं अवघड जातं, आणि जोडलीच तर ती कुठून फुटली ते तुम्हाला कळतं. समासात लिहू नका, समास कापता येतो. अक्षरं फोटोच्या कडेवरून आणि मजकुरावरून गेली पाहिजेत, तरी वाचता आलं पाहिजे. पॅनच्या प्रतीवर हे आणखी आवश्यक आहे, कारण पॅनची मास्क केलेली प्रत मिळत नाही. सही करायची ती मजकुराच्या शेवटी करा, कोऱ्या जागेत एकटी सही करू नका.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. आपण काय करतो? ई-आधारची फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि पासवर्ड तोंडी सांगतो. तो पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष, म्हणजे फाइल हातात असलेल्या कुणालाही अंदाजाने उघडता येईल असा. दुकानदार प्रामाणिक असतो, बहुतेक असतातच. पण त्याच्या त्या एका संगणकावर अख्ख्या वस्तीची आधारकार्डं पडून राहतात आणि रात्री त्यावर कोण बसतं ते त्यालाही माहीत नसतं. प्रिंट झाली की समोर उभं राहून फाइल काढून टाकायला सांगा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. याचा राग कुणी मानत नाही. सोसायटीच्या आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कागदपत्रं टाकायची पद्धत तर बंदच व्हायला हवी. शाळेच्या ग्रुपवर मुलांची आधारकार्डं एकाखाली एक पडलेली बघून मला फार वाईट वाटतं. त्या मुलांना तो क्रमांक पुढची सत्तर-ऐंशी वर्षं वापरायचा आहे. शिक्षकांना वैयक्तिक संदेशातून किंवा कागदावर द्या, आणि ग्रुपवर टाकायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा.

लाडकी बहीण योजनेच्या वेळी, २०२४ मध्ये, खारघरच्या एका महिलेचा अर्जच भरला जाईना, कारण तिच्या आधार क्रमांकावर आधीच कुणीतरी अर्ज केलेला होता. तपास साताऱ्यापर्यंत गेला आणि एकाच कुटुंबातून वेगवेगळ्या आधार क्रमांकांवर तीसेक अर्ज भरले गेल्याचं पुढे आलं. तिच्या खात्यातून एक रुपया गेला नव्हता, तरी तिचा हक्काचा लाभ अडकला. ओळख चोरीला गेल्यावर नुकसान नेहमी पैशातच दिसतं असं नाही.

पॅनचा गैरवापर तर कर खात्यात दिसतो, आणि तोही वर्ष-दोन वर्षांनी. कुणीतरी घरभाड्याची वजावट घेण्यासाठी खोटा घरमालक म्हणून तुमचा पॅन टाकतो. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणून कुठला तरी पॅन हवा असतो. कुणी मोठ्या रोखीच्या दागिन्यांवर तो वापरतो. सर्वांत वाईट म्हणजे मजुरी करणाऱ्या माणसाच्या पॅनवर बनावट फर्म काढून कोट्यवधींची खोटी बिलं फाडली जातात आणि नोटीस त्या मजुराच्या घरी येते. त्या घरातली अवस्था बघवत नाही.

म्हणून प्राप्तिकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण, ज्याला सगळे एआयएस म्हणतात, ते वर्षातून दोनदा तरी उघडा. विवरणपत्र भरायचं नसलं तरीही. नोव्हेंबर २०२१ पासून ते उपलब्ध आहे. तुमच्या पॅनवर नोंदलेलं व्याज, भाडं, खरेदी, शेअर्स, म्युच्युअल फंड हे सगळं तिथे दिसतं. अनोळखी नोंद दिसली तर तिच्यापुढे प्रतिसाद देता येतो: ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे, किंवा ही माहिती मला मान्य नाही. हा प्रतिसाद वेळेत दिलेला असला की पुढे नोटीस आलीच तर उत्तराला भक्कम पाया मिळतो. दुसरं, जीएसटीच्या पोर्टलवर पॅनवरून शोध घ्यायची सोय सर्वांसाठी खुली आहे, लॉगिन लागत नाही. वडिलांचा पॅन टाका. तिथे काहीही नोंदणी दिसायला नको. दिसली तर लगेच त्या पोर्टलवर तक्रार आणि स्थानिक जीएसटी कार्यालयात लेखी अर्ज, सोबत पोलीस तक्रारीची पोच. नोटीस आली तर ‘मी काहीच केलं नाही तर उत्तर कशाला’ असं समजून गप्प बसू नका. उत्तराची मुदत टळली की एकतर्फी आदेश निघतो आणि मग अपिलाचा खर्च येतो.

एक फोनही येऊ शकतो. समोरचा वडिलांचा आधार क्रमांक, जन्मतारीख, पत्ता अचूक वाचून दाखवेल आणि म्हणेल की तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, व्हिडिओ कॉलवर या, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं. वडिलांना हे मात्र वेगळं समजावा की नंबर अचूक सांगितला म्हणून तो माणूस सरकारी ठरत नाही. त्यांचा नंबर किती जणांकडे आहे ते आपण वर पाहिलंच. आयुष्यभर सरकारी शिक्क्याला मान देत आलेली ही पिढी नेमकी इथेच फसते, आणि घरच्यांनी आधी बोलून ठेवलेलं असेल तरच फोन ठेवायची हिंमत होते.

आई किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणी हयात नसतील तर त्यांचे क्रमांकही उघडे ठेवू नका. मृत्यूची माहिती ‘माय आधार’ पोर्टलवर कुटुंबातल्या व्यक्तीला देता येते, ही सोय २०२५ मध्ये सुरू झाली. पॅन मात्र लगेच रद्द करायला जाऊ नका. त्या वर्षाचं शेवटचं विवरणपत्र, परतावा आणि वारसांच्या नावावर गुंतवणुकी करून घेणं हे सगळं आटोपलं की मग वारसाने तो परत करावा.

तुमच्या कर्जाच्या तक्रारीला कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर दिलं पण ते पटणारं नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करा. ती ऑनलाइन आहे, फी नाही, वकील लागत नाही. क्रेडिट माहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून त्या योजनेत आहेत, त्यामुळे हरकत घेऊनही नोंद तशीच राहिली तर त्यांच्याविरुद्धही जाता येतं. त्यासाठी कंपनीला पाठवलेल्या पहिल्या ईमेलची प्रत आणि तारीख लागेल. म्हणून तो ईमेल आजच पाठवा आणि उत्तर आलं की त्यात खातं कुणाचं दाखवलंय ते मला कळवा, पुढचं पत्र त्यावरून ठरवता येईल.